प्रत्येक मजल्यावर सोय

ज्यूरीवर बसायचं बोलावणं आलं तेव्हा मार्लिस वॉयटा संडासात होती. यात नवल काही नाही. हल्ली तिला जगातली कुठलीही बातमी कळायची ती तिथेच. तिच्या नवऱ्याने, डेनिसने, दाराखालच्या फटीतून पाकीट आत सरकवलं आणि बाहेरूनच विचारलं, "कोर्टाचं दिसतंय. काय करून ठेवलंस?"

"घराबाहेर पडले तर काही करीन ना!" ती आतून म्हणाली.

तिला क्रोन नावाचा आजार होता. आतडी सुजतात, पोटात पीळ पडतो, आणि मग पळावं लागतं. हा आजार जीव घेत नाही आणि पाठही सोडत नाही. कधी महिनाभर शहाण्यासारखा गप्प राहतो, आणि एखाद्या सकाळी न कळवता मुक्कामाला येतो. मार्लिस घरीच लग्नाचे झगे दुरुस्त करायची, कारण शिवणयंत्रापासून संडास हाकेच्या अंतरावर होता. पाइन बेंड गावातल्या निम्म्या नवऱ्या तिने घट्ट-सैल केलेल्या झग्यात चर्चमध्ये चालत गेल्या होत्या. लग्नाला मात्र ती कधी जायची नाही. बाकाच्या मधोमध जागा मिळाली आणि पोटाने हाक दिली, तर पाद्रीबाबाला थांबा म्हणायचं की काय?

त्यातून आजारापेक्षा औषध जास्त द्वाड. त्या गोळ्यांनी गाल फुगतात आणि वर लाली चढते. म्हणजे दुखणं जितकं वाढेल तितक्या गोळ्या जास्त, आणि गोळ्या जितक्या जास्त तितकी बाई ठणठणीत दिसणार. मार्लिस मरणाच्या दारात उभी असली की गावातल्या बायका दुकानात तिचा हात धरून म्हणत, "अगंबाई, काय छान दिसतेयस! काय खातेस तरी काय?" मार्लिस हसून आभार मानायची. विस्कॉन्सिनमध्ये माणसं अशा वेळी आभारच मानतात. मनात काय येतं ते चर्चमध्ये कबूल करतात, किंवा तेही करत नाहीत.

तिने डॉक्टरकडून चिठ्ठी आणून कोर्टाच्या कचेरीला पाठवली. डॉक्टरने सभ्यपणे लिहिलं होतं की या बाईंना दिवसातून अनेकदा, तेही अचानक, संडासला जावं लागतं, सबब यांना या कामातून वगळावं. कचेरीचं उत्तर तत्परतेने आलं: 'न्यायालयाच्या इमारतीत प्रत्येक मजल्यावर स्वच्छतागृहाची सोय आहे. सबब विनंती नामंजूर.'

मार्लिसने ते दोनदा वाचलं. एका अर्थी त्यांचं चुकलं नव्हतं. बुडणाऱ्याला कळवावं की तळ्याला सगळीकडून काठ आहे, त्यातली गत.

मग ती स्वतःच कचेरीच्या खिडकीशी गेली. आतल्या बाईने तिच्याकडे पाहिलं, चिठ्ठीकडे पाहिलं आणि पुन्हा तिच्याकडे पाहिलं. "दिसता तर छान हो!" ती म्हणाली, आणि खिडकीवर जेवणाच्या सुट्टीची पाटी लावून गेली.

ज्यूरी निवडायच्या दिवशी, सोमवारी, बाकांवर निम्मं गाव बसलं होतं. खरे आजारी किती होते देव जाणे, पण त्या सकाळी पाइन बेंडची तब्येत भलतीच ढासळली होती. एकाची म्हैस म्हणावी अशी सासू घरी एकटी होती. एकाला गर्दीत घुसमटायचं, तो दर रविवारी फुटबॉलच्या सामन्याला ओरडायला जायचा. एकाने तर आपल्याला कोणाचंच म्हणणं पटत नाही असं छातीठोक सांगितलं, आणि त्याची बायको मागून म्हणाली, "हे मात्र खरंय." जज हेंड्रिक्सन बरेच जण सोडत होते.

मार्लिसने हात वर केला. सगळं गाव वळून बघायला लागलं, आणि जे सांगायचं ठरवून आली होती ते तिला सांगता येईना. आमच्याकडे माणूस काय खातो यावर तासन् तास बोलता येतं, पण पुढे त्याचं काय होतं हे भर सभेत बोलायची पद्धत नाही.

"मला जरा... पोटाचा त्रास आहे," ती म्हणाली.

"तो कोणाला नाही!" सरकारी वकील म्हणाला, आणि सगळे हसले. "शुक्रवारी तळलेले मासे, वर लोणी! खरं ना, बाई?"

"अर्ज कचेरीने पाहिलेलाच आहे," जजसाहेब म्हणाले. "मध्ये उठायचं झालं तर बिनधास्त हात वर करा."

मग वकिलांनी आपापल्याला नको असलेले लोक गाळले. सरकारी वकिलाने काठी टेकत आलेल्या एका म्हाताऱ्याला आधी घरी पाठवलं, कारण खटला दुखण्याखुपण्याचा होता आणि काठीवाल्याच्या मनात भलती दया यायची. मार्लिसच्या लालबुंद गालांकडे बघून मात्र तो प्रसन्न झाला. अशी धडधाकट बाई त्याला हवीच होती.

खटला ऑरिन प्रिबिलवर होता, विमा कंपनीला फसवल्याचा. ऑरिन छपरं घालणारा. दीड वर्षापूर्वी कोठाराच्या छपरावरून पडून त्याची पाठ मोडली. नंतर ती जुळली, म्हणजे मोडकी वस्तू जुळते तशी. विमा कंपनी त्याला भरपाई देत होती. आणि मग चार जुलैच्या, म्हणजे स्वातंत्र्यदिनाच्या, मिरवणुकीत हा बहाद्दर गावच्या बँडमध्ये सूझाफोन वाजवताना दिसला. सूझाफोन म्हणजे अंगाभोवती वेटोळं घालून खांद्यावर बसणारा पितळी भोंगा, त्याचं तोंड डोक्यावर परातीएवढं. कंपनीचा माणूस सॉसेजच्या गाडीमागे लपून चित्रण करत होता. त्यात ऑरिन चर्चपासून बँकेपर्यंत भोंगा घेऊन पोल्का नाचाची धून वाजवत गेला, वर एका पोरीला डोळाही मारला. ती त्याचीच पुतणी होती, पण सरकारी वकिलाने ते चित्रण इतक्या वेळा दाखवलं की तो डोळाही गुन्ह्यात जमा झाला.

ऑरिनची बायको साक्षीला उभी राहिली. तिला बोलायची सवय नव्हती. "मिरवणुकीनंतर तो स्वयंपाकघरात फरशीवर पडून होता," ती म्हणाली. "पलंगावर चढवेना. फरशी गार असते, बरं वाटतं म्हणाला. मी त्याला ओलांडून कॉफी करत होते."

"किती दिवस?" बचावाच्या वकिलाने विचारलं.

"कॉफी संपेपर्यंत," ती म्हणाली, आणि लोक हसले. ती हसली नव्हती.

मार्लिसही हसली नाही. गार फरशी तिला ठाऊक होती. तिच्या न्हाणीघरातल्या फरशीची एकेक भेग तिला ठाऊक होती. गेल्या वर्षी भाचीच्या वाढदिवसाला ती दोन तास उभी राहिली, नाचलीसुद्धा, त्याचे फोटो आजही डेनिसच्या बहिणीकडे भिंतीवर आहेत. त्यानंतर ती आठवडाभर कुठे आडवी होती त्याचा फोटो कोणी काढला नाही.

शुक्रवारी दुपारी बारा जणांना विचारविनिमयासाठी खोलीत बंद केलं. अर्लीन नावाच्या बेलिफबाईने नियम सांगितले. अर्लीन आधी शाळेत होती, त्यामुळे कोर्टातही ती सगळ्यांना पहिलीतलं समजूनच बोलायची.

"बारा जण खोलीत असतील तेव्हाच खटल्यावर बोलायचं. अकरा असले की तोंडं बंद. कोणी आत गेलं," तिने खोलीच्या कोपऱ्यातलं दार दाखवलं, "तर बाहेर येईपर्यंत चिडीचूप. कळलं सगळ्यांना?"

कोपऱ्यातलं दार म्हणजे ती प्रसिद्ध सोय. दार पातळ फळीचं होतं, पंखा बंद पडलेला होता, आणि टेबल दारापासून इतकं जवळ की शेवटच्या खुर्चीवरच्या माणसाने हात लांबवला असता तर कडी लागली असती. खोलीत आणखी एक पाहुणा होता: पुरावा म्हणून आणून ठेवलेला तो भोंगा. त्याने खिडकीची सगळी जागा अडवली होती.

ज्यूरीप्रमुख झाला गॉर्डी टेश. त्याला कोणी निवडलं नाही. तो टेबलाच्या टोकाला बसला, एवढंच. गॉर्डी ट्रॅक्टर विकायचा, आणि उचलली जीभ लावली टाळ्याला हा त्याचा पिढीजात धंदा होता. आत आल्या आल्या त्याने भोंगा उचलून अंगात चढवला. "हे बघा! ओझं बघा! आजारी माणसाचं काम आहे का हे? हातच्या काकणाला आरसा कशाला? चला, मत टाका, साडेपाचला शुक्रवारचे तळलेले मासे मिळायला लागतात."

आठ जण दोषी म्हणाले. चौघं म्हणाली, जरा बघू. त्या चौघांत मार्लिस होती, शाळेतली स्वयंपाकीण होती, आणि चीज बनवणारा रोली नावाचा एक आडदांड माणूस होता, जो सोमवारपासून एक अक्षर बोलला नव्हता. चौथा नुसता डुलकी काढत होता.

"बघायचं काय त्यात?" गॉर्डी भोंग्यातून म्हणाला. "डोळे आहेत ना देवाने दिलेले?"

मार्लिसने तोंड उघडलं. तिला सांगायचं होतं की चांगला दिवस असतो, आणि चांगल्या दिवशी माणूस मुद्दाम भोंगा उचलतो, कारण पुढचा चांगला दिवस कधी येईल याची खात्री नसते. पण तेवढ्यात पोटात पीळ पडला, आणि ती उठून कोपऱ्यातल्या दाराआड गेली.

बाहेर नियमाप्रमाणे चिडीचूप झालं. अकरा माणसं हाताची घडी घालून टेबलाकडे बघत बसली. आतला प्रत्येक आवाज त्यांना ऐकू येत होता आणि त्यांना ऐकू येतोय हे तिला कळत होतं. तिने नळ सोडला. नळाने नुसतीच शिट्टी वाजवली. लाजेने तिला रडू आलं. घरी डेनिस अशा वेळी रेडिओ मोठा करायचा. सबंध लग्नात त्याने केलेली सगळ्यांत मोठी प्रेमाची गोष्ट तीच असेल.

ती बाहेर आली, कोणीही तिच्याकडे बघितलं नाही. गॉर्डीने बोलायला सुरुवात केली आणि त्याचं वाक्य पुरं व्हायच्या आत ती पुन्हा आत गेली. मग पुन्हा. गॉर्डीच्या तोंडावर बूच बसायचं, निघायचं आणि परत बसायचं. एवढा वेळ सलग गप्प राहायची वेळ त्याच्यावर बाप्तिस्म्यानंतर आली नव्हती.

तिसऱ्या-चौथ्या खेपेला त्याचा धीर सुटला. पातळ दारातून त्याचा आवाज स्पष्ट आत आला.

"अहो, असं किती वेळ चालायचं? ही बाई आहे त्याच्याच बाजूची. बाहेर लॉइड बसलाय ना राखीव म्हणून? तिला आजारी म्हणून घरी पाठवू आणि लॉइडला आत घेऊ. लॉइड आपल्यातला आहे. सुंठीवाचून खोकला जाईल."

"पण अर्लीन म्हणाली बोलायचं नाही..." स्वयंपाकीण म्हणाली.

"खटल्यावर बोलायचं नाही. मी तिच्या तब्येतीबद्दल बोलतोय. काळजीने!"

मार्लिस आत गार टाइल्सवर टेकून बसली. खरं सांगायचं तर तिचं पहिलं वाटणं रागाचं नव्हतं. तिला हायसं वाटलं. जे तिने अर्ज करून, हात वर करून, खिडकीशी उभं राहून मागितलं होतं, ते आता न मागता ताटात वाढलं जात होतं. घर, तिचा स्वतःचा संडास, रेडिओ. नुसतं हो म्हणायचं. मग लॉइड तिच्या खुर्चीत येणार. सरकारी वकिलाच्या प्रत्येक वाक्याला मान डोलवून लॉइडच्या मानेला सवय झाली होती. साडेपाचला सगळे मासे खायला जाणार, आणि ऑरिन प्रिबिल तुरुंगात. तिथे फरशी गारच असते म्हणा.

आणि त्याच्या बायकोचं हसं झालं ते झालंच. ती फरशी खरी होती हे बारा माणसांत तिला एकटीला माहीत होतं, आणि ती एकटी घरी जाणार. मग मार्लिसला राग आला, चांगला टाळूपर्यंत.

गॉर्डीने अर्लीनमार्फत जजला निरोप पाठवला. सगळ्यांना कोर्टात परत नेलं. दोन्ही वकील होते, ऑरिन होता, आणि मागे त्याची बायको होती. जजसाहेबांनी चष्मा कपाळावर चढवला.

"मिस्टर टेश, एक ज्युरर आजारी आहेत म्हणता?"

गॉर्डी उभा राहिला. त्याने चेहऱ्यावर काळजी आणली. ट्रॅक्टरचा हप्ता चुकलेल्या गिऱ्हाइकासमोर तो हाच चेहरा वापरायचा. "फार आजारी, जजसाहेब. बघवत नाही. आम्हा सगळ्यांचा जीव तुटतोय त्यांच्यासाठी."

जजसाहेबांनी मार्लिसकडे निरखून पाहिलं. ताणाने आणि गोळ्यांनी तिचे गाल सफरचंदासारखे झाले होते. "मला तर या चांगल्या धडधाकट दिसताहेत."

"दिसण्यावर जाऊ नका, साहेब!" गॉर्डीला जोर चढला. माल गळ्यात बांधायचा तर थांबायचं नाही, हे त्याच्या हाडात भिनलेलं. "दिसण्याचं काय घेऊन बसलात! वरून अगदी ठणठणीत दिसतं माणूस. सोमवारपासून आमच्याबरोबर हसत होत्या, डबा खात होत्या, जिने चढत होत्या. पण आत काय चाललंय ते ज्याचं त्याला माहीत! एखादा दिवस बरा जातो म्हणून काय माणूस बरा असतो का? दिसतं तसं नसतं, साहेब!"

बचावाचा वकील इतके दिवस पडेल चेहऱ्याने बसला होता. त्याने हळूच मान वर केली आणि गॉर्डीकडे असं पाहिलं, जणू हा आपला सख्खा भाऊ जत्रेत हरवला होता. सरकारी वकिलाने डोळे मिटून घेतले. जजसाहेबांना मोठा खोकला आला. फक्त गॉर्डीला काही कळलं नव्हतं. तो शाबासकीची वाट बघत उभा होता.

"मिसेस वॉयटा," खोकला आवरल्यावर जजसाहेब म्हणाले, "तुमचं काय म्हणणं? घरी जायचं असेल तर मी आत्ता सोडतो."

मार्लिस उठली. सबंध गाव ऐकत होतं, आणि या वेळी ती पोटाचा त्रास म्हणाली नाही.

"मला क्रोन आहे, जजसाहेब. मला सारखं संडासला जावं लागतं. मी सुट्टी मागितली होती, तेव्हा तुमच्या कचेरीने कळवलं की प्रत्येक मजल्यावर सोय आहे. खरंच आहे. मी सगळे मजले बघून आले." मागे कोणीतरी फिसकन हसलं. "तेव्हा आता मी बसणार. मी आत असताना इतरांना ऐकायची लाज वाटत असेल तर त्यांनी खुशाल गाणी म्हणावीत. फक्त खटल्यावर बोलू नये. मघाशी बोलत होते. माझ्या जागी लॉइडला घ्यायचं म्हणत होते, कारण लॉइड त्यांच्यातला आहे. दार पातळ आहे, साहेब. ते दोन्हीकडून पातळ आहे."

जजसाहेबांनी चष्मा खाली घेतला आणि गॉर्डीकडे पाहिलं. पुढे ते जे बोलले ते सगळं सांगत नाही, पण गॉर्डी बसला तेव्हा खुर्ची नीट न बघताच बसला. लॉइड बाहेर राहिला. मार्लिस ज्यूरीत राहिली.

सगळे खोलीत परत आले. भोंगा खिडकीशी आ वासून उभा होता.

"गॉर्डी," मार्लिस म्हणाली, "ते कोर्टात काय म्हणालात? परत एकदा सांगता? मला नीट ऐकू नाही आलं."

"काय म्हणालो?"

"एखादा दिवस बरा जातो म्हणून काय..."

गॉर्डीने तोंड उघडलं. त्याची नजर भोंग्याकडे गेली. तोंड मिटलं. खोलीत बारा जण हजर होते, कोपऱ्यातल्या दाराआड कोणी नव्हतं, बोलायची पूर्ण मुभा होती, आणि तरी चिडीचूप झालं.

मग रोली चीजवाला बोलला. सोमवारपासून साठवलेला आवाज होता, त्यामुळे सगळे दचकले. "माझ्या आईचे गुडघे गेलेत," तो म्हणाला. "माझ्या लग्नात ती तीन पोल्का नाचली. नंतर तिला उचलून गाडीत घालावं लागलं. मी तिला म्हटलं, कशाला नाचलीस? ती म्हणाली, मग काय बसून राहू?" तो थांबला. "ती काय खोटं बोलत होती काय?"

"ती आई झाली," गॉर्डी पुटपुटला. पण त्याचा आवाज कोणी विकत घेईना.

"त्याची बायको त्याला ओलांडून कॉफी करत होती," स्वयंपाकीण म्हणाली. "असलं कोणी मनाने रचून सांगतं का? मी हसले होते. हसायला नको होतं."

मध्ये दोनदा मार्लिस उठून आत गेली. पहिल्यांदा बाहेर शांतता होती. दुसऱ्यांदा रोली खरोखरच गाणं म्हणायला लागला, कुठलीशी पोल्का, अत्यंत बेसूर, आणि टेबलावर कोणीतरी ठेका धरला. मार्लिस आत बसून हसली, तिचं तिलाच नवल वाटलं.

अंधार पडायच्या सुमाराला बारा हात वर झाले: निर्दोष. गॉर्डीचा हात शेवटी आला, तोही अर्धाच, आणि मासे संपले असतील असं तो दोनदा म्हणाला.

कोर्टाच्या पायऱ्यांवर गार वारा सुटला होता. डेनिस खाली गाडी सुरू ठेवून उभा होता. ऑरिन प्रिबिल कठड्याला धरून एकेक पायरी उतरत होता, बायको दुसऱ्या बाजूला. सुटकेने आणि थंडीने त्याचे गाल लाल झाले होते. मार्लिस त्याच्यासमोर आली आणि थांबली. तिला पुष्कळ काही सांगायचं होतं: फरशीबद्दल, बायकोबद्दल, सांगता न येणाऱ्या त्या आठवड्याबद्दल. पण आयुष्यभराची सवय. समोर माणूस दिसला, आणि तोंडातून निघालं ते हेच:

"छान दिसताय हो तुम्ही!"

म्हणाली आणि तिने जीभ चावली. ऑरिनने तिच्या टम्म लाल गालांकडे पाहिलं.

"तुम्हीसुद्धा," तो म्हणाला.

आणि दोघं हसायला लागली. इतकी हसली की त्याने पाठ धरली, तिने पोट धरलं, त्याच्या बायकोला कोणाला सावरावं कळेना, आणि मार्लिस पायऱ्या उतरत ओरडली, "डेनिस, दार उघड! आणि वाटेत कुठे थांबू नकोस!"